पांढरी गाडी आणि हिरवे आरसे

विजेवर चालणारी गाडी घ्यायची की नाही, हे ठरायला आमच्या घरात दोन वर्षे लागली. ती पांढरी घ्यायची, हे ठरायला दोन मिनिटे. आणि त्या पांढऱ्या गाडीवर आणखी कुठला रंग कुठे लावायचा, की काहीच लावायचे नाही, यावर मात्र दीड महिना वाद चालला होता. नातू एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, सून तिसऱ्या बाजूला, आणि मी? मी आधी कुठल्याच बाजूला नव्हते. गाडीच्या रंगात म्हातारीने काय लक्ष घालायचे, असेच मला वाटत होते. पण मग घातले. का घातले ते सांगते.

आधी पांढऱ्या रंगाविषयी. आपल्या देशात गेली कित्येक वर्षे सर्वांत जास्त खपणारा गाडीचा रंग पांढरा आहे. अलीकडे काळ्या आणि करड्या गाड्या वाढल्या आहेत, तरी आमच्या नगर-मनमाड रस्त्यावर उभे राहिलात तर दर दोन-तीन गाड्यांमागे एक पांढरी दिसेलच. माझ्या पिढीच्या डोक्यात पांढरी गाडी म्हणजे सरकारी अँबेसेडर. कलेक्टरसाहेबांची, मंत्र्यांची, वर लाल दिवा असलेली. त्या अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि लाल दिवाही १ मे २०१७ पासून गेला, पण पांढऱ्या गाडीचा तो रुबाब काही लोकांच्या मनातून गेला नाही. पुढारी आजही पांढरीच घेतात. आमच्याकडे मात्र रुबाबाचा प्रश्न नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, पांढरी लगेच मिळते, आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईकही लगेच मिळतं."

हे विकण्याचे कारण मला फार गमतीचे वाटते. वस्तू अजून घरात आली नाही आणि आपण ती विकताना कशी दिसेल याचा विचार करतो. म्हणजे रंग आपण आपल्यासाठी निवडतच नाही, पुढच्या अनोळखी मालकासाठी निवडतो. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्याच मिळत. लोकांना निवडीला वावच नव्हता. आता आपल्याला वाव आहे, आणि तरी आपण सगळे जाऊन एकच रंग घेऊन येतो. असो.

पण राहात्यात पांढऱ्याला दुसरी चांगली कारणे आहेत आणि ती मला पटली. आमच्याकडे काळ्या मातीचा धुरळा आहे, पण तो वाळला की करडा-पिवळसर होतो, आणि पांढऱ्यावर तो काळ्या गाडीइतका डोळ्यात भरत नाही. बोअरचे पाणी जड. गाडी धुऊन पुसली नाही तर क्षारांचे ठिपके उमटतात, तेही पांढऱ्यावर खपून जातात. आणि पेरू! राहात्याचे पेरू सगळ्यांना ठाऊक आहेत, पण पेरूच्या बागेजवळ राहणाऱ्यांना वटवाघळेही ठाऊक असतात. रात्रभर ती फळे खातात आणि आपली पावती खाली टाकतात. ती मात्र पांढऱ्यावर लपत नाही. पण लपत नाही हेच बरे, कारण ती तशीच उन्हात राहिली तर रंग खाते. सकाळी दिसली की ओल्या फडक्याने भिजवून काढायची, घासायची नाही. गडद गाडीवर ती दुपारपर्यंत कळत नाही आणि मग डाग कायमचा. पांढऱ्यातही साधा पांढरा घ्यावा, मोत्यासारखा चमकणारा नको, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो गाड्यांच्या रंगकामात आहे. मोतिया रंगाचे थर जास्त असतात आणि एखाद्या जागी ओरखडा गेला तर तेवढ्याच तुकड्याचा रंग जुळवणे अवघड जाते, असे तो म्हणाला. शिवाय त्याला पैसेही जास्त.

उन्हाचे तर सांगायलाच नको. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. एकाच जातीच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक रुपेरी, उन्हात शेजारी उभ्या केल्या. रुपेरी गाडीच्या आतली हवा ५-६ अंशांनी कमी तापली. पांढऱ्याचेही तसेच. पेट्रोलच्या गाडीत एसी जास्त चालला तर थोडे पेट्रोल जास्त जाते आणि आपण विसरतो. विजेच्या गाडीत तो एसी त्याच बॅटरीवर चालतो जिच्यावर चाके चालतात, आणि समोरच्या पडद्यावर किलोमीटर कमी होताना दिसतात. म्हणून नातू जेव्हा म्हणाला, "आजी, छत काळं करू या, काय भारी दिसतं!" तेव्हा मी पहिल्यांदा या वादात तोंड घातले. पांढरी गाडी घ्यायची आणि सूर्य सरळ जिथे पडतो तेच छत काळे करायचे? एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्याला म्हटले, अरे, पांढरी टोपी घालून वरून काळे फडके बांधल्यासारखे आहे हे. तो म्हणाला, सगळे करतात. सगळे करतात हे खरे आहे. हल्ली कंपन्याच दोन रंगी गाडी विकतात, त्यात छत काळे असते आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

विजेच्या गाडीचा आणखी एक गुण आहे, जो जाहिरातीत कौतुकाने सांगतात आणि मला ज्याची भीती वाटते. ती आवाज करत नाही. गाडी आणल्यानंतर चौथ्या दिवशी मी फाटकाशी पाठमोरी उभी राहून तुळशीच्या मंजिऱ्या काढत होते. मुलगा गाडी मागे घेत होता. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर आली तरी मला काही म्हणजे काही कळले नाही. सून ओरडली म्हणून मी बाजूला झाले. मुलगा कॅमेऱ्यात पाहत होता, त्याने थांबवलीच असती, पण माझ्या छातीची धडधड संध्याकाळपर्यंत गेली नाही. वेग वाढला की टायरचा आवाज येतो. हळू चालताना, मागे येताना, गल्लीत वळताना काहीच नाही. आणि म्हातारी माणसे, पोरे, कुत्री गल्लीतच असतात. युरोपात २०१९ पासून नव्या जातीच्या आणि २०२१ पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र सक्तीचे झाले. आपल्या सरकारनेही २०२५ मध्ये तसा मसुदा काढला.

माझ्या मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झाली आहेत, तरी दिवेलागणीच्या वेळी करडी गाडी मला डांबरावर दिसत नाही. पांढरी दिसते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासून हेच सांगितले होते, की पांढऱ्यापेक्षा काळ्या गाडीला अपघाताचा धोका जास्त, आणि पहाटे व संध्याकाळी तो फरक आणखी वाढतो. आवाज न करणाऱ्या गाडीने तरी निदान दिसावे! आणि म्हणून गाडीवर काही चिकटवायचे असेल तर आधी मागे लाल परावर्तक पट्टी चिकटवा, असे माझे मत मी मांडले. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात. साखर कारखान्यांचा हा मुलूख. प्रवरानगर आमच्याच तालुक्यात. अंधारात न दिसलेल्या ट्रॉलीने या भागातली किती घरे बसली हे इथल्या कुणालाही विचारा. त्या ट्रॉलीच्या मागे तांबडी पट्टी लावा म्हणून मोहिमा कराव्या लागतात, आणि आपण आपल्या गाडीला मात्र काळी छपरे आणि काळ्या काचा लावतो.

आता सजावटीकडे येते. विजेच्या गाडीचे तोंड जरा विचित्र असते. पेट्रोलच्या इंजिनाला थंड हवा लागते म्हणून पुढे मोठी जाळी असते. मोटारीला तेवढी लागत नाही, म्हणून ती जागा बंद. मग तो चेहरा कोरा दिसतो, नाक पुसून टाकल्यासारखा. कंपन्यांनी त्यावर उपाय म्हणून निळ्या रेघा काढल्या. आपल्या नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावच्या कारखान्यात बनणारी नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली, तेव्हा ती तीनच रंगांत मिळत होती, निळसर, रुपेरी आणि पांढरी, आणि तिघींच्याही अंगावर निळ्या रेघा होत्या. मी वेगळी आहे हे सांगण्यासाठी. पुढे २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा त्या निळ्या रेघा गेल्या. मला हे आवडले. नवीन नवरी वर्षभर शालू नेसून फिरत नाही. विजेच्या गाड्या रस्त्यावर नेहमीच्या झाल्या, आता रेघ कशाला?

आणि वेगळेपण सांगायचेच असेल तर ते काम सरकारने आधीच केले आहे. २०१८ पासून विजेच्या गाडीला हिरवी नंबरपाटी असते. खासगी गाडी असेल तर पांढरी अक्षरे, भाड्याची असेल तर पिवळी. आमची एमएच १७, म्हणजे श्रीरामपूरची. पांढऱ्या गाडीवर ती हिरवी पाटी इतकी छान दिसते, की कोणत्या सजावटकाराने निवडली असती तर त्याला बक्षीस द्यावे.

पण घरात हे कोण ऐकतो? एका रविवारी आम्ही सगळे सजावटीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुस्तक उघडले. दाराच्या मुठींना चकचकीत पत्रा, खिडक्यांखाली चकचकीत पट्टी, दिव्यांभोवती चकचकीत कडे, मागे पंख, बॉनेटवर खोटी हवेची खिडकी. जिथे हवा जायला इंजिनच नाही तिथे हवेची खोटी खिडकी! मी हसले तर तो बिचारा ओशाळला. शिवाय 'आई-वडिलांचा आशीर्वाद' होताच. तो आशीर्वाद मागच्या काचेवर लावला की मागचे दिसत नाही. मी सुनेला म्हटले, आशीर्वाद मी रोज सकाळी तोंडी देईन, काच मोकळी राहू दे. साईबाबांची छोटी प्रतिमा आत ठेवली, शिर्डी पाच-सहा किलोमीटरवर असताना ती नसणे शक्यच नव्हते. सगळी गाडीच दुसऱ्या रंगाच्या कागदात गुंडाळून देतो असेही तो म्हणाला. तेव्हा मुलाने बरोबर सांगितले, की आरसी पुस्तकात रंगाची नोंद असते, गाडीचा मूळ रंग बदलला तर आरटीओला कळवावे लागते. हे पुष्कळांना माहीत नसते. उद्या अपघात झाला आणि पुस्तकात पांढरी, रस्त्यावर लाल, तर विमावाल्यांपुढे उत्तरे देत बसा.

दुकानातून बाहेर पडताना मला एकदम पोळा आठवला. माझे माहेर पुणतांब्याचे, गोदाकाठचे. वडिलांची पांढरीशुभ्र खिल्लारी जोडी होती. आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन धुणे, मग शिंगे साळून त्यांना हिंगूळ, वर बेगड, टोकाला गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. अंगावर गेरूचे ठिपके. आम्हा पोरांना वाटायचे आणखी रंगवावे, पाठ, पोट, शेपटी सगळेच. वडील हात धरून थांबवायचे. शिंगे रंगवा, ठिपके द्या, बाकी बैल बैलासारखा दिसू द्या, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्यांचा बैल काळसर होता, त्याच्यावर गेरू दिसायचाच नाही. पांढऱ्यावर थोडाही रंग पुरतो हे मी तिथे शिकले. आणि ती घुंगरमाळ पोळ्यापुरती नव्हती. रात्री गाडी रस्त्याने निघाली की पायी चालणाऱ्याला दुरून कळायचे. आज कंपन्या यंत्र बसवून जो आवाज काढणार आहेत, तो आमच्या बैलांच्या गळ्यात होता. माझे मत असे बनले, की गाडीला रंग द्यावा तो शिंगांसारखा, टोकांना. गाडीची टोके म्हणजे बाजूचे आरसे, चाकांच्या वाट्या, फार तर खालची एक रेघ. पांढऱ्या गाडीचे आरसे गडद, ठळक रंगाचे असले तर अरुंद गल्लीत समोरच्यालाही गाडीची रुंदी नीट कळते.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले. आता रंग कुठला? नातवाला काळा, सुनेला शेंदरी, मुलाला काहीच नको. मी हिरवा म्हटले. पाटीशी जुळतो, एवढेच कारण मी सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरे नव्हते.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी शोरूममधल्या मुलीने रिवाजाप्रमाणे आरतीचे ताट आणले आणि घरात मी मोठी म्हणून माझ्या हातात दिले. "आजी, तुम्ही ओवाळा." मी ताट घेतले. आमच्या बरोबर आलेल्या एका नातेवाईक बाईंनी पुढे होऊन ते हलकेच माझ्या हातातून काढले आणि सुनेकडे दिले. "सवाष्णीनं ओवाळावं. नव्या वस्तूला कशाला..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पुरे करायची गरजही नव्हती. सुनेने ओवाळले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फुटला, पेढे वाटले. मी हसून उभी होते. घरी येताना त्याच बाई मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "पांढरी घेतलीत ते बरं केलंत. तुम्हाला शोभते."

त्यांचा राग मी धरत नाही. त्यांना जे शिकवले तेच त्या बोलल्या. राग मला माझाच आला. यजमान २०१२ मध्ये गेले. मला हिरवे नेसू नकोस असे कुणीही सांगितले नव्हते, मुलाने नाही, सासरच्यांनी नाही. मीच हिरव्या साड्या काढून पेटीच्या तळाशी ठेवल्या, मीच हळदीकुंकवाला जाणे बंद केले. आणि त्याआधी तीस-बत्तीस वर्षे मी वर्गात मुलींना समतेवर निबंध लिहायला देत होते, चांगले गुणही देत होते! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी त्यांचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. मी ती बातमी वाचली, कात्रण कापून वहीत चिकटवले, आणि पेटी उघडली नाही. ठराव गावाने केला तरी पेटी आपल्यालाच उघडावी लागते.

तेव्हा गाडीचे आरसे हिरवे. आरशांच्या टोप्यांवर चिकटवायचा हा कागद असतो, नको झाला तर निघतो, मूळ रंगाला धक्का लागत नाही. नातवाने दुकानात बसून हिरव्याच्या बारा छटा मला मोबाईलवर दाखवल्या. मी चुड्याचा हिरवा शोधत होते, तो सातव्या नंबरला होता. सुनेला मी गाडीत ते सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई, मग शेंदरी राहू द्या. हिरवाच."

आता कुणी म्हणेल, बाई, गाडीच्या आरशाला कागद चिकटवला त्याने काय झाले? काही झाले नाही. त्या नातेवाईक बाई परवा येऊन गेल्या, आरसे पाहिले, "छान दिसतात हो" म्हणाल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या. गाडी तेवढीच चालते, तेवढीच वीज खाते. पण गाडीचा रंग ही निव्वळ हौस असते असे जे मी आधी समजत होते, ते मला आता तसे वाटत नाही. आपण पांढरा घेतो तो विकण्यासाठी, काळे छत करतो ते सगळे करतात म्हणून, आणि हिरवे टाळतो ते कुणी काही म्हणेल म्हणून. यातले एकही कारण आपले नसते. वटवाघळे, ऊन, दिवेलागण ही आपली कारणे. माझ्या हिरव्याचेही एक कारण माझे होते, म्हणून मी ते रेटले.

एक गोष्ट मात्र राहिली. बॉनेटवरच्या स्वस्तिकाचे कुंकू सुनेने दोन दिवस तसेच ठेवले, आणि पांढऱ्या रंगावर त्याची गुलाबी झाक उतरली आहे. साबणाने गेली नाही. रंगकाम करणारा विद्यार्थी म्हणतो की पॉलिश केले तर जाईल, पण कुंकवात कसला रंग मिसळलेला आहे त्यावर आहे. पुढच्या रविवारी तो येणार आहे. तुमच्या पांढऱ्या गाडीची दसऱ्याला पूजा कराल तेव्हा कुंकू थेट लावू नका, आधी विड्याचे पान ठेवा आणि त्यावर लावा.